सामाजिक शास्त्रांची एकत्रित पदवी: कोल्हापूरची वाटचाल आणि आजची स्थिती

सामाजिक शास्त्रांतील आंतरविद्याशाखीय पदवीत विद्यार्थी इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र यांपैकी एकाच विषयाच्या चौकटीत राहत नाही. समाजातला एखादा प्रश्न हाती घेऊन तो या सगळ्या विषयांच्या मदतीने समजून घेण्याची सवय त्याला लागावी, हा या पदवीचा हेतू असतो. तीन-चार विषय शेजारी शेजारी ठेवून त्यांची स्वतंत्र परीक्षा घेतली, तर पदवी बहुविषयक होते. ते विषय एकाच प्रश्नावर एकत्र राबवले, तरच ती आंतरविद्याशाखीय ठरते. महाराष्ट्रातल्या बहुतेक कला महाविद्यालयांत पहिला प्रकार दीर्घकाळ चालत आला आहे. दुसरा प्रकार रुजवण्याचे प्रयत्न मात्र थोडे झाले, आणि त्यांतला एक महत्त्वाचा प्रयत्न कोल्हापूर जिल्ह्यात झाला.

या विषयांच्या भिंती मुळात फार जुन्या नाहीत. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्रित पदवी १९२० च्या सुमारास सुरू झाली. त्याआधी १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, तो पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, पुढे नगररचनेकडे वळलेले. त्यांच्यानंतर विभागाची धुरा सांभाळणारे गोविंद सदाशिव घुर्ये संस्कृतच्या अभ्यासातून समाजशास्त्रात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण हे तर या प्रकारच्या अभ्यासाचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण मानता येईल. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचे वर्गही त्यांनी केले. भारतातील जातिसंस्थेवरचा त्यांचा गाजलेला निबंध ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. जातीचा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या वर्गात मांडला आणि त्यासाठी इतिहासाचा आधार घेतला. आजच्या अभ्यासक्रमांना जे साधायचे आहे, ते शंभर वर्षांपूर्वीच एका विद्यार्थ्याने करून दाखवले होते.

कोल्हापुरात उच्च शिक्षणाची सुरुवात १८८० साली राजाराम महाविद्यालयाने झाली. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ इथे शिकले. १९२२ पासून प्राचार्य असलेले डॉ. बाळकृष्ण अर्थशास्त्र आणि इतिहास या दोन्ही क्षेत्रांत वावरले. सतराव्या-अठराव्या शतकांतील भारत आणि इंग्लंड यांच्या व्यापारसंबंधांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि पुढे शिवाजी महाराजांचे अनेक खंडांचे इंग्रजी चरित्र सिद्ध केले. व्यापाराची कागदपत्रे वाचण्याची सवय असलेला माणूस राजकीय इतिहास लिहायला बसला, की त्याचे लक्ष वखारींच्या नोंदींकडे, जकातीकडे, बंदरांकडे जाते. महाविद्यालयाच्या परिसरात पुरातत्त्व आणि भाषा यांचाही अभ्यास होत होता. प्रा. के. जी. कुंदणगार शिलालेख वाचत होते, आ. ने. उपाध्ये प्राकृत ग्रंथांचे संपादन करत होते. हे सारे अध्यापकांच्या व्यक्तिगत व्यासंगावर चालले. विद्यार्थ्याची पदवी मात्र त्या काळीही विषयवारच होती.

या शिक्षणाला सामाजिक पाया मिळाला तो राजर्षी शाहू महाराजांच्या धोरणांमुळे. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. आज कोल्हापूरच्या कला महाविद्यालयांत बसणारी बहुसंख्य मुले-मुली खेड्यांतून येतात, आणि कित्येकजण घरातले पहिले पदवीधर असतात. सामाजिक शास्त्रांची पदवी कशी असावी, हा प्रश्न इथे या मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच विचारावा लागतो.

जिल्ह्यातला सर्वांत धाडसी प्रयोग भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीत झाला. त्याचे जनक जयंत पांडुरंग नाईक यांचा जन्म १९०७ साली आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत झाला. पुढे ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा तिचेही पहिले सदस्य-सचिव तेच होते. त्याआधीच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गारगोटीत श्री मौनी विद्यापीठाची उभारणी केली. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतची सोय डोंगरी भागातल्या एकाच आवारात व्हावी, आणि शिक्षणाने भोवतालच्या गावांचा संसार सुधारावा, ही त्यामागची भूमिका होती.

या कल्पनेला राष्ट्रीय पाठबळ मिळाले ते राधाकृष्णन आयोगामुळे. १९४८-४९ च्या या विद्यापीठ शिक्षण आयोगाने दोन सूचना केल्या होत्या. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सर्वसाधारण शिक्षणाचा भक्कम पाया मिळावा, ही एक. आणि ग्रामीण भारतासाठी वेगळ्या धर्तीची विद्यापीठे निघावीत, ही दुसरी. त्या दुसऱ्या सूचनेतून १९५६ पासून देशात ग्रामीण संस्थांची योजना सुरू झाली. निवडलेल्या संस्थांमध्ये तमिळनाडूतले गांधीग्राम, गुजरातेतले सणोसरा, विदर्भातली अमरावती यांच्याबरोबर गारगोटीही होती. तिथे ग्रामीण सेवेची तीन वर्षांची पदविका दिली जाई. भाषा, संस्कृतीचा इतिहास, ग्रामीण समाजाचे प्रश्न, सहकार, विस्तारकार्य असे विषय एका अभ्यासक्रमात गुंफलेले होते, आणि गावात जाऊन काम करणे हा शिक्षणाचाच भाग होता. केंद्र सरकारने ही पदविका पहिल्या पदवीच्या बरोबरीची मानली होती.

हा प्रयोग टिकला नाही, आणि त्याची कारणे आजही उपयोगी पडण्यासारखी आहेत. पदविकेला कागदोपत्री पदवीचा दर्जा असला, तरी विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आणि नोकरीच्या बाजारात पदवीलाच मान होता. गावाच्या सेवेसाठी घडवलेल्या तरुणाला गावात पगाराची जागा नव्हती. शहरातल्या जागेसाठी त्याच्या हातातला कागद अपुरा पडत होता. पालकांना बी.ए. हे दोन अक्षरी नाव हवे होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. हळूहळू देशातल्या बहुतेक ग्रामीण संस्था जवळच्या विद्यापीठांना जोडल्या गेल्या आणि त्यांची नेहमीची महाविद्यालये झाली. गांधीग्रामला १९७६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून तिथे वेगळेपण काही प्रमाणात टिकले. गारगोटीचे कर्मवीर हिरे महाविद्यालय आज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. त्याआधी कोल्हापूरची महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे आणि त्याही आधी मुंबईकडे होती. नव्या विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी केले, म्हणजे ज्यांच्या आयोगाने सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला होता त्यांनीच. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासकार होते. ताराबाईकालीन कागदपत्रांचे त्यांनी केलेले संपादन मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला आजही लागते. विद्यापीठाच्या आजच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. सोलापूर २००४ मध्ये वेगळे झाले.

विद्यापीठाच्या जुन्या बी.ए.ची रचना सरळ होती. पहिल्या वर्षी काही ऐच्छिक विषय, दुसऱ्या वर्षी त्यांतले कमी, आणि तिसऱ्या वर्षी एका ‘स्पेशल’ विषयाचे पेपर. दुसऱ्या वर्षाला आंतरविद्याशाखीय म्हणून एक विषय असे. मुले त्याला नुसते ‘आयडीएस’ म्हणत. सहकार, लोकप्रशासन, महाराष्ट्रातील समाजसुधारणा अशी त्यांतली नावे होती. साखर कारखाने, दूध संघ आणि गावोगावच्या विकास सेवा सोसायट्या यांच्यावर चालणाऱ्या जिल्ह्यात सहकार हा विषय शिकवण्याइतका योग्य निर्णय दुसरा नव्हता. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाच्या, म्हणजेच ‘गोकुळ’च्या, एखाद्या गावातल्या दूध संस्थेच्या निवडणुकीत अर्थकारण, भावकी, जात आणि पक्ष हे सगळे एकाच मतपेटीत उतरते. तरीही प्रत्यक्षात तो पेपर सहकाराची तत्त्वे, कायदे आणि सोसायट्यांचे प्रकार यांवर थांबे, आणि गाईड वाचून सुटे. विषयाचे नाव आंतरविद्याशाखीय होते, शिकवणे मात्र एकाच विभागाचे राहिले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले, आणि महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याची श्रेयांक-रचना ठरवली. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. साधारण पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक धरला जातो. किमान निम्मे श्रेयांक मुख्य विषयाला जातात. गौण विषयाला, ज्याला सर्वजण ‘मायनर’च म्हणतात, १८ ते २० मिळतात. खुल्या ऐच्छिक विषयांना १० ते १२. याशिवाय कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांचे वेगळे कप्पे आहेत.

या रचनेतली एक तरतूद सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याने नीट वाचायला हवी. खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे समाजशास्त्र मुख्य विषय असलेल्या विद्यार्थ्याला वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतला पेपर घेता येईल, पण अर्थशास्त्राचा किंवा इतिहासाचा पाया पक्का करायचा तर त्याच्याकडे मायनर हाच मार्ग उरतो. वीस श्रेयांकांचे मायनर म्हणजे सुमारे तीनशे तासांचे शिक्षण. ते शहाणपणाने निवडले, तर दोन सामाजिक शास्त्रांचा खरा मेळ बसू शकतो: समाजशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, इतिहासाबरोबर राज्यशास्त्र, भूगोलाबरोबर समाजशास्त्र. पण कागदावर जे मायनर शक्य आहे, ते प्रत्येक महाविद्यालयात शिकवायला माणूस असतोच असे नाही. लहान तालुक्याच्या गावी विषयांचे दोन-तीन विभाग आणि मोजके अध्यापक असतील, तर विद्यार्थ्याची निवड वेळापत्रकच करून टाकते.

त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. श्रेयांकांचे कप्पे विद्यार्थ्याला अनेक विषयांजवळ नेतात, पण त्या विषयांची सांगड कुठे घालायची हे रचनेत कुठेच लिहिलेले नाही. मायनरचा अध्यापक मुख्य विषयाच्या अध्यापकाशी बोलत नाही, कारण दोघांचे अभ्यासमंडळ वेगळे आणि प्रश्नपत्रिकाही वेगळ्या. सांधा जुळवण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे क्षेत्रीय प्रकल्प. आणि नेमका तोच कप्पा सध्या सर्वांत हलकेपणाने घेतला जातो. प्रकल्प म्हणजे आयती प्रश्नावली, पाचपन्नास उत्तरे, दोन आलेख आणि झेरॉक्सच्या दुकानातली स्पायरल बाइंडिंग, अशी समजूत घट्ट झाली आहे.

प्रकल्प नीट केला तर काय होऊ शकते, हे पंचगंगेच्या पुरावरून पाहता येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याचा संगम प्रयाग चिखलीत होतो, आणि पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. आधी २००५ मध्ये महापूर येऊन गेला होता, पुढे २०२१ मध्ये पुन्हा आला. समजा, विद्यार्थ्यांच्या एका गटाने चिखली किंवा शिरोळ तालुक्यातले एखादे गाव घेतले. भूगोलाची विद्यार्थिनी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर मांडेल, आणि रेषेच्या आत कोणत्या सालात किती घरे बांधली गेली ते तपासेल. इतिहासाचा विद्यार्थी जुने पूर, जुन्या गावठाणाची जागा आणि शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणाचा काळ यांचा मागोवा घेईल. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलमट्टी येईल: धरणाच्या उंचीचा वाद, कृष्णा पाणीतंटा लवाद, २०१९ च्या पुरानंतर राज्याने नेमलेली वडनेरे समिती, आणि दोन राज्यांतल्या अधिकाऱ्यांमधला संपर्क.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी नुकसानभरपाईची यादी घेऊन बसेल, आणि इथे प्रश्न उलगडायला लागतो. पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो. मग जो शेतकरी दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसतो, त्याचा ऊस बुडाला तरी यादीत नाव मालकाचे. शेतमजुरी करणाऱ्या बाईचा पंधरा दिवसांचा रोजगार बुडाला, तर त्याला पंचनाम्यात रकानाच नाही. सोसायटीचे पीक कर्ज कुणाच्या नावावर आहे, म्हशी कुठे हलवल्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांना शाळेत आसरा मिळाला की नाही, पुनर्वसनाचा प्लॉट मिळूनही माणसे जुन्या घरात का राहतात, हे प्रश्न समाजशास्त्राकडे वळतात. मग तलाठ्याच्या यादीतली रक्कम, नदीची पातळी आणि गल्लीची रचना या तीन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. त्या वेगळ्या पेपरांत शिकल्या तर हे नाते दिसत नाही. एका सत्रात एकच गाव, तीन अध्यापकांचे एकत्र मार्गदर्शन आणि शेवटी ग्रामसभेत अहवालाचे वाचन, एवढे जरी झाले, तरी पदवीच्या नावातला आंतरविद्याशाखीय हा शब्द खरा होईल.

दुसरे उदाहरण आकड्यांतले. कोल्हापूर हा राज्यातल्या सधन जिल्ह्यांपैकी एक. तरीही सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ८३९ होते. २०११ मध्ये ते ८६३ झाले, तेव्हा राज्याची सरासरी ८९४ होती. पैसा आला की मुलीची किंमत वाढते, हा समज इथे उघडउघड खोटा ठरतो. जमिनीची वाटणी, हुंडा, सोनोग्राफीची सहज सोय, कायद्याची अंमलबजावणी आणि घरातले निर्णय कोण घेते, हे सगळे एकत्र पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

अशा अभ्यासाला पद्धतींचे शिक्षण लागते. मुलाखत कशी घ्यावी, नमुना कसा निवडावा, जनगणनेचे तक्ते कसे वाचावेत, साध्या संगणकीय तक्त्यावर टक्केवारी आणि सरासरी कशी काढावी, हे पदवीच्या पहिल्याच वर्षी यायला हवे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातले दप्तर आहे, त्यातले बरेच मोडीत. त्यामुळे शहरात चालणारे मोडी वाचनाचे वर्ग इतिहासाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडतात. जमिनीचा, देवस्थानाचा किंवा पाण्याचा जुना वाद समजून घ्यायचा, तर ती लिपी टाळून चालत नाही.

भाषेचा प्रश्न यापेक्षा अवघड. वर्गात शिकवणे आणि उत्तरपत्रिका मराठीत, पण नवे संशोधन इंग्रजीत, अशी विद्यार्थ्याची ओढाताण असते. मराठीत साहित्य नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. मराठी विश्वकोश, स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश, समाज प्रबोधन पत्रिकेचे जुने अंक, य. दि. फडके यांचा विसाव्या शतकातील महाराष्ट्र, इरावती कर्वे यांचे लेखन, दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या ग्रंथांचे अनुवाद, हे सगळे विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयासारख्या ठिकाणी हाताला लागते. कोसंबी तर मूळचे गणिती. नाणी, दगडी हत्यारे, लोकदैवते आणि संस्कृत ग्रंथ यांना एकत्र आणून त्यांनी इतिहासाची नवी पद्धत घडवली. खरी उणीव आहे ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या संशोधनाच्या मराठी मांडणीची. पाठ्यपुस्तकांच्या नावाखाली निघणाऱ्या गाईडांनी ती भरून येणार नाही.

पदवीनंतरचे मार्ग तपासताना गारगोटीचा अनुभव विसरता येत नाही. पदव्युत्तर प्रवेश, नेट आणि सेट परीक्षा, अध्यापकाची जागा हे सगळे अजून विषयवारच चालते. त्यामुळे ज्याला पुढे शिकवायचे आहे, त्याने मुख्य विषय ठाम निवडावा. आंतरविद्याशाखीय दृष्टी हवी म्हणून तो पातळ करू नये. चौथे वर्ष संशोधनासह पूर्ण करणाऱ्याला एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची सोय नव्या धोरणात आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कोल्हापुरात छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट, म्हणजे ‘सायबर’, आहे. कायद्याकडे जाणाऱ्यांसाठी १९३३ पासूनचे शहाजी विधी महाविद्यालय आहे. पत्रकारिता, ग्रामविकासाच्या योजना, स्वयंसेवी संस्था, सर्वेक्षणाची कामे इथेही अशी पदवी चालते.

अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलांचा ओढा मात्र राज्यसेवेकडे असतो. त्या परीक्षेचा अभ्यासक्रम इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था यांना आधीच एकत्र आणतो, आणि मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे सांगड घालून लिहिण्याला महत्त्व आले आहे. पण पदवी म्हणजे परीक्षेची पूर्वतयारी, असा हिशेब धरला की प्रकल्प, वाचन आणि गावात जाणे या तिन्ही गोष्टी प्रथम गळून पडतात.

ज्यांना पूर्णपणे एकत्रित अभ्यासक्रम हवा आहे, त्यांच्यासाठी मराठी मुलखात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर येथील केंद्र आहे. तिथे २०१२ पासून सामाजिक शास्त्रांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. प्रवेशाला राष्ट्रीय परीक्षा आणि शिक्षणाला इंग्रजी माध्यम, या दोन पायऱ्या खेड्यातल्या मुलाला उंच वाटतात. पुण्यातली खासगी विद्यापीठे फीमुळेच बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहतात. म्हणून गगनबावडा, चंदगड किंवा शाहूवाडीच्या विद्यार्थ्यासाठी जवळचे अनुदानित कला महाविद्यालय हीच खरी संधी आहे, आणि सुधारणा तिथेच व्हायला हवी.

या शिक्षणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: चार विषय थोडे थोडे आले, एकही नीट आला नाही. आक्षेप निराधार नाही. पायाभूत सिद्धान्त न शिकता प्रश्नांवर चर्चा केली, तर विद्यार्थ्याला मते मिळतात, ज्ञान मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक मुख्य विषय खोल शिकणे, दुसरा नेटाने शिकणे, आणि दोन्ही एका खऱ्या प्रश्नावर वापरणे. नव्या रचनेत मेजर, मायनर आणि क्षेत्रीय प्रकल्प हे तीन कप्पे त्यासाठी पुरेसे आहेत.

बारावीनंतर कला शाखेत येणाऱ्या विद्यार्थ्याने आणि पालकांनी प्रवेश अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कोणती मायनर प्रत्यक्ष शिकवली जातात, त्यांना पूर्णवेळ अध्यापक आहेत का, आणि मागच्या वर्षीचे दोन-चार क्षेत्रीय प्रकल्प वाचायला मिळतील का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्या महाविद्यालयात सामाजिक शास्त्रे कशी शिकवली जातात ते कळते.